क्यूचा मळ काढा, लाकूड नको: मराठवाड्याच्या हवेत शाफ्ट आणि फेरूलची निगा

स्नूकर किंवा पूल खेळायची काठी, म्हणजे क्यू, हाताला चिकटायला लागला की बहुतेक पोरं पॉलिश पेपर शोधतात. स्नूकर पार्लरच्या काउंटरवर त्याचा एखादा तुकडा पडलेलाच असतो. चार हात फिरवले की शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, गुळगुळीत होतो, चॉकचा निळसरपणा जातो आणि बोटांमधून क्यू अलगद सरकायला लागतो. त्या वेळी फरशीवर जी पिवळट भुकटी पडते तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही. त्या भुकटीत मळ थोडा आणि लाकूड जास्त असतं, आणि गेलेलं लाकूड काही परत बसवता येत नाही.

स्नूकरच्या क्यूची जाडी टिपेजवळ, म्हणजे बॉलला लागणाऱ्या चामडी टोकाजवळ, साधारण ९.५ मिलिमीटर असते, पूलच्या क्यूची १२.५ ते १३. तिथून बटकडे, म्हणजे हातात धरायच्या मागच्या टोकाकडे, जाताना तो हळूहळू जाड होत जातो. हा उतार बनवणाऱ्याने विचार करून ठेवलेला असतो. फटका मारताना क्यू किती लवतो, साइड दिल्यावर, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावी-उजवीकडे फटका मारल्यावर, पांढरा बॉल ठरवलेल्या रेषेपासून किती ढळतो, हे बरंचसं पुढच्या वीतभर लाकडावर ठरतं. आणि पेपर नेमका त्याच वीतभर जागेवर सगळ्यात जास्त फिरतो. दर महिन्याला हा उद्योग करणाऱ्याचा क्यू हातात घेऊन बघा: फेरूलच्या, म्हणजे टिपेमागच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या कडीच्या, मागे लाकूड आत गेलेलं असतं आणि फेरूलची कड नखाला लागते. असा क्यू मग खेळायलाही वेगळाच लागतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपला हात बिघडला.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाफ्टवरचा मळ काढायला पेपरची गरज जवळजवळ कधीच नसते. आणि आपल्याकडे, मराठवाड्यात, पोरं ज्या कारणासाठी पेपर हातात घेतात ते पुष्कळदा मळ नसतंच. ते हवेतल्या ओलाव्याचं काम असतं. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर साधा क्यूही वर्षानुवर्षं उत्तम चालतो.

मळ येतो कुठून

आधी चॉक बघू. टिपेला लावतो तो निळा चौकोनी तुकडा आणि शाळेतला खडू यांची घडण वेगळी आहे. आज वापरतो त्या प्रकारच्या चॉकचं पेटंट अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सचा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ या दोघांनी १८९७ मध्ये घेतलं. त्यात मुख्यतः सिलिका आणि घासणारी कठीण खनिज भुकटी असते, ती बांधून ठेवणारा पदार्थ असतो आणि रंग असतो. टिपेच्या चामड्यावर हे कण रोवून बसतात म्हणून फटका निसटत नाही. पण हेच कण शाफ्टवर पडले आणि ब्रिजच्या, म्हणजे क्यू टेकवायच्या पुढच्या हाताच्या, बोटांखाली दिवसभर घासले गेले, तर ते बारीक पेपरसारखंच काम करत राहतात. शिवाय निळा रंग लाकडाच्या छिद्रांत उतरतो.

दुसरा भाग आपल्या हाताचा. घाम, त्वचेचं तेल, मधेच खाल्लेल्या वडापावचा तेलकटपणा. घाम वाळला की क्षार मागे राहतात, तेल तसंच राहतं, आणि त्या चिकट थरावर चॉक बसतो. शाफ्ट चिकटतो तो या मिश्रणामुळे.

तिसरा भाग पावडर. उन्हाळ्यात हाताला घाम सुटतो म्हणून बरेच जण टाल्कम पावडर फासतात. पहिल्या अर्ध्या तासात बरं वाटतं, नंतर पावडर, घाम आणि चॉक एकत्र होऊन त्याची लुकण बनते आणि ती छिद्रांत भरते. टेबलाच्या कापडावर पांढरे डाग पडतात ते वेगळंच. ज्याच्या हाताला फार घाम येतो त्याने तीन बोटांचा ग्लोव्ह वापरावा. त्याने शाफ्टही वाचतो आणि कापडही.

यावर सगळ्यात परिणामकारक उपाय क्यूला हात न लावताच करता येतो: खेळायच्या आधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा, मधे काही खाल्लं तर पुन्हा धुवा. आणि चॉक लावताना क्यू उभा धरू नका. उभ्या क्यूवर चॉक घासला की भुकटी सरळ फेरूलवर आणि तिथून शाफ्टवर ओघळते. क्यू आडवा, टिप जराशी खाली झुकलेली, आणि टेबलापासून बाजूला, असा धरून चॉक लावला तर भुकटी फरशीवर पडते. एवढ्या एका सवयीने शाफ्टचा निम्मा मळ टळतो, असं मी खात्रीने सांगेन.

निळेपणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. निळा डाग आणि मळ या दोन वेगळ्या बाबी आहेत. स्नूकरचे बरेच क्यू ॲशच्या लाकडाचे असतात. ॲशच्या वार्षिक वलयांत उघडी, मोठी छिद्रं असतात. शाफ्टवर बाणाच्या टोकांसारख्या ज्या गडद रेघा दिसतात त्या त्यांच्याच. त्या रेघांवरून नख आडवं फिरवलं तर त्या जाणवतात. त्यांच्यात उतरलेला रंग बाहेर काढायचा म्हणजे तेवढं लाकूड काढायचं. पूलच्या क्यूला मेपल वापरतात, त्याची छिद्रं बारीक आणि बंद, म्हणून तो वरून गुळगुळीत लागतो, पण वापरल्यावर तोही निळसर होतोच. शाफ्ट हाताला कोरडा आणि निसरडा लागत असेल तर निळा रंग राहू द्या. त्याने खेळात काडीचाही फरक पडत नाही.

पुसायचं कसं

रोज खेळून झाल्यावर कोरड्या सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने शाफ्ट पुसावा. फडकं शाफ्टभोवती मुठीत धरायचं आणि फेरूलपासून जॉइंटकडे, म्हणजे दोन तुकड्यांचा क्यू जोडतात त्या सांध्याकडे, ओढायचं. उलट दिशेने ओढलं तर मळ टिपेजवळ गोळा होतो. दहा-बारा वेळा ओढल्यावर मूठ घट्ट करून तेवढ्याच वेळा पुन्हा, शाफ्ट हाताला कोमट लागेपर्यंत. फडकं उघडून बघितलं तर मधोमध राखाडी-निळा पट्टा उमटलेला दिसतो. तो पट्टा फडक्यावर आला, लाकडात गेला नाही, एवढं काम रोज झालं तर पुढचं बहुतेक सगळं टळतं. कोमट होईपर्यंत घासण्याला कारण आहे: घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभागावरचं त्वचेचं तेल मऊ होतं आणि फडक्यात उतरतं.

आठवड्या-पंधरवड्याने, चिकटपणा कोरड्या फडक्याने जात नसेल तेव्हा, ओलं फडकं. इथे थोडं जपून. फडक्याचं एक टोक पाण्यात बुडवून इतकं पिळायचं की दाबल्यावर थेंब निघू नये. एकदा-दोनदा शाफ्टवरून ओढायचं आणि दुसऱ्या हातातल्या कोरड्या फडक्याने त्याच क्षणी पुसायचं. पाणी लाकडावर मिनिटभरही बसू द्यायचं नाही. फेरूल आणि लाकूड जिथे मिळतात त्या सांध्याला आणि मागच्या जॉइंटच्या तोंडाला ओलं फडकं लावायचंच नाही, कारण तिथे लाकडाचा आडवा काप उघडा असतो आणि तो पाणी सगळ्यात वेगाने शोषतो.

ओल्या फडक्यानंतर शाफ्ट वाळला की हाताला किंचित खरखरीत लागतो. घाबरून पेपर घेऊ नका. पाण्याने पृष्ठभागावरचे लाकडाचे बारीक तंतू फुगून उभे राहतात, त्यांना परत बसवायचं असतं. त्यासाठी चामड्याचा तुकडा उत्तम. जुन्या पट्ट्याची आतली बाजू चालते. ते नसेल तर जाड खाकी कागदाची घडी. शाफ्टवर गुंडाळून लांबीच्या दिशेने जोरात, भरभर घासायचं. चांगलं गरम लागायला हवं. तंतू दाबले जातात, छिद्रांची तोंडं मिटतात आणि पृष्ठभागावर मंद चकाकी येते. यात लाकूड कमी होत नाही. पेपर मारून जो गुळगुळीतपणा मिळतो तोच इथे मिळतो, उलट जास्त टिकतो, कारण छिद्रं मिटलेली असल्याने मळ लवकर बसत नाही.

तेलकटपणा जास्तच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते असतं, मदरबोर्ड साफ करायला तेच वापरतात. फडक्यावर चार थेंब, शाफ्टवर एक हात, आणि लगेच कोरडं फडकं. ते लवकर उडून जातं म्हणून पाण्याइतकं फुगवत नाही. पण बटच्या चकचकीत पॉलिशवर ते लागू देऊ नका, पॉलिश मंद पडू शकतं. हाताचं सॅनिटायझर मात्र नको. त्यात ग्लिसरीन किंवा तसलं काही मिसळलेलं असतं, ते शाफ्टवर राहतं आणि क्यू आधीपेक्षा जास्त चिकटतो. गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश आणि फर्निचरचे स्प्रेही नकोत. सिलिकॉन असलेलं पॉलिश दोन दिवस मस्त निसरडं लागतं, पण ते लाकडात मुरलं की नंतर तेल, मेण, लॅकर काहीच नीट धरत नाही.

ऑनलाइन जो पांढरा जादूचा स्पंज मिळतो तो मेलामाइनचा फोम असतो. तो निळेपणा खरोखर काढतो. पण तो साबणासारखा मळ विरघळवत नाही, अतिशय बारीक पेपरसारखा घासून काढतो. वर्षातून एखाद्या वेळी, किंचित ओला, हलक्या हाताने, ठीक आहे. दर आठवड्याला नाही.

आणि पेपर वापरायचाच असेल तर १५०० किंवा २००० नंबरचा, लांबीच्या दिशेने, शाफ्ट फिरवत फिरवत, पाच-सहा हात. हार्डवेअरच्या दुकानात 'झीरो पेपर' म्हणून जो हातात देतात तो दार-खिडक्या रंगवायच्या आधीच्या कामाचा आहे. तो शाफ्टला लावू नका. आणि पेपर पावसाळ्यात तर अजिबात मारू नका. का, ते आता बघू.

हवा आणि लाकूड

१८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या पुढाकाराने स्नूकर जन्माला आला असं मानलं जातं. म्हणजे हा खेळ आपल्याच मध्य भारताच्या हवेत सुरू झाला, पण त्याचं लाकूड कायम बाहेरचं राहिलं. ॲश आणि हार्ड मेपल थंड प्रदेशातली झाडं आहेत. आपल्याकडे पोचेपर्यंत ते लाकूड कुठल्या तरी कारखान्यात ठरावीक ओलाव्यापर्यंत सुकवलेलं असतं, आणि इथे आल्यावर ते इथल्या हवेशी जुळवून घ्यायला लागतं.

लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं, हे कापल्यानंतर कितीही वर्षांनी चालूच राहतं. हवेत २५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर त्या हवेत बरेच दिवस राहिलेल्या लाकडात ५ टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो. आर्द्रता ८० टक्के असेल तर तो १५-१६ टक्क्यांपर्यंत जातो. आता आपली वर्षाची चाल बघा. एप्रिल-मेच्या दुपारी परभणी, नांदेड, बीडला पारा ४० च्या वर आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. जुलै-ऑगस्टला, पाऊस बरा असेल तर, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कोकणातल्या माणसाचा क्यू वर्षभर दमट हवेत राहतो, एकाच बाजूला कलतो. आपला क्यू दर वर्षी दोन्ही टोकं बघून येतो.

ओलावा वाढला की लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, ते आडवं फुगतं. ॲशमध्ये वलयांच्या दिशेने मोजलं तर ओलावा १ टक्का वाढल्यावर रुंदी साधारण पाव टक्का वाढते. समजा मे ते ऑगस्ट क्यूच्या लाकडातला ओलावा ८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे रुंदी २ टक्क्यांनी वाढली. ९.५ मिलिमीटरवर २ टक्के म्हणजे जवळजवळ ०.२ मिलिमीटर. प्रत्यक्षात तेल-मेण लावलेला, केसमध्ये ठेवलेला क्यू इतका बदलत नाही, पण याच्या निम्मं जरी झालं तरी बोटाला ते स्पष्ट कळतं.

आता फेरूलवर या. पितळ हवेतली वाफ शोषत नाही. उन्हाने ते प्रसरण पावतं, पण हिवाळा-उन्हाळ्याच्या ३० अंशांच्या फरकात या जाडीचं पितळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंही वाढत नाही. म्हणून पावसाळ्यात असं होतं: फेरूल आहे तिथेच राहतो आणि त्याच्या मागचं लाकूड फुगून त्याच्यापेक्षा किंचित उंच होतं. ब्रिजमधून क्यू पुढे जाताना बोटाला एक कड लागते. खेळणाऱ्याला वाटतं मळ साचला किंवा लाकूड खडबडीत झालं, आणि तो पेपर मारून ती कड सपाट करतो. जुलैमध्ये सगळं छान. पुढचा एप्रिल आला की लाकूड आकसून मूळ मापाला जातं, आणि पेपरने काढलेलं तेवढं त्यातून वजा झालेलं असतं. आता फेरूल उंच आणि लाकूड खाली. मग फेरूलच घासायचा विचार येतो. असे दोन-तीन पावसाळे गेले की साडेनऊचा क्यू नऊला येतो आणि टिपही लहान लावावी लागते.

पावसाळ्यात कड लागली तर शाफ्ट कोरड्या फडक्याने घासा, चामड्याने दाबून घ्या आणि थांबा. दिवाळीपर्यंत ती कड बहुतेक आपोआप बसते. नाही बसली तर त्या कोरड्या दिवसांत बघू.

फेरूल ढिला का होतो

उन्हाळ्यातली तक्रार उलटी असते. "दादा, फटका मारला की टकटक वाजतंय." बैलगाडीचं लाकडी चाक ज्यांनी वापरलंय त्यांना याचं कारण लगेच कळेल. चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, लोखंड आकसत नाही, धाव ढिली पडते. म्हणून जुने शेतकरी चाकं नदीत, नाही तर हौदात भिजत ठेवायचे. फेरूलच्या आतही लाकडाचीच बारीक केलेली खुंटी असते, तिच्यावर फेरूल चिकटवलेला असतो. मे महिन्यात खुंटी आकसते, मधला चिकटवणारा पदार्थ दर वर्षी ताण सोसून सोसून सुटतो, आणि फेरूल हलायला लागतो. चाकाचा उपाय मात्र इथे करायचा नाही. क्यूचं टोक पाण्यात बुडवलं तर खुंटी एकदम फुगून तात्पुरता फेरूल घट्ट होतो, आणि वाळल्यावर खुंटीला चीर जाते.

आवाज आला की तो फेरूलचाच आहे हे आधी तपासा. टिपेची कड नखाने हलकेच उचलून बघा. ती सुटली असेल तरी असाच आवाज येतो. दोन तुकड्यांचा क्यू असेल तर जॉइंट घट्ट आहे ना ते बघा. मग अंगठा आणि पहिल्या बोटात फेरूल धरून हलकेच पिळा. हलला, किंवा फेरूल आणि लाकूड यांच्यामध्ये केसाइतकी काळी रेघ दिसली, तर तो पुन्हा बसवून घ्यायला हवा. ढिला फेरूल घेऊन खेळत राहू नका. टिपेवर बसलेला धक्का लाकडात समान पसरवणं आणि लाकूड फाटू न देणं हे फेरूलचं काम आहे. तो हलत असेल तर सगळा मार खुंटीच्या एका बाजूला बसतो.

पितळी फेरूल काळवंडतो तो हवा आणि हाताचा घाम यांनी. आपल्या घरात पितळ घासायचं म्हटलं की चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर आठवते. तांब्या-समईसाठी ते योग्यच आहे. फेरूलला ते लावू नका. चिंचेचं आंबट पाणी पितळावरची काळी पुटं विरघळवतं आणि ते विरघळलेलं सगळं घेऊन सांध्यातून लाकडात उतरतं. ॲशच्या उघड्या छिद्रांत गेलेला तो काळा-हिरवा डाग मग कशानेही निघत नाही.

योग्य पद्धत अशी. मास्किंग टेपची एक पट्टी फेरूलच्या मागच्या कडेला अगदी चिकटून लाकडावर गुंडाळायची, दोन वेढे, आणि कड नखाने दाबून बसवायची. टिपेच्या कडेलाही एक वेढा, कारण पॉलिश चामड्यात गेलं तर त्यावर चॉक धरत नाही. सुती चिंधीला पितळ पॉलिश करायची पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी लावायची. चिंधी फेरूलभोवती धरून क्यू मुठीत गोल फिरवायचा. चिंधी लगेच काळी होते, ते पितळच असतं, म्हणून अर्धा मिनिट पुरे. स्वच्छ कोरड्या चिंधीने पुसायचं, मग टेप सावकाश, लाकडाला समांतर ओढत काढायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढं बस झालं. काळवंडलेल्या फेरूलने खेळात काही बिघडत नाही, हेही लक्षात असू द्या.

पूलच्या क्यूचा पांढरा फेरूल प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो, आणि त्याच्यावर निळा डाग सगळ्यात आधी दिसतो. टेप तशीच लावायची. आधी किंचित ओलं फडकं. नाही गेला तर साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, चिंधीला टिपून गोल घासायची आणि लगेच पुसायची. टूथपेस्टमधली बारीक भुकटी डाग काढते. मेलामाइनचा स्पंज इथे जास्त मोकळेपणाने वापरता येतो. पुसून झाल्यावर फेरूल उजेडात धरून गोल फिरवून बघा. उभी, केसासारखी बारीक रेघ दिसली आणि पुसूनही गेली नाही तर ती तडा आहे. निळा चॉक त्या फटीत बसल्यामुळेच ती दिसते. तिथे स्वच्छतेचा प्रश्न संपतो आणि फेरूल बदलायचा प्रश्न सुरू होतो.

जवसाचं तेल

ॲशच्या शाफ्टला वर्षातून एक-दोनदा तेल पाजतात, आणि त्यासाठी जगभर जे तेल वापरतात ते आपल्या चटणीतल्या जवसाचं. कारण असं की हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं. छिद्रांत शिरतं, तिथेच वाळतं आणि वाफेची ये-जा मंदावते. ती थांबत नाही, मंदावते, पण आपल्या हवेत तेवढाही फायदा मोठा आहे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही. ते शाफ्टमध्ये तेलकटच राहतं आणि मळ ओढतं. करडईचं तेल वाळणाऱ्या तेलांत मोडतं, चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात ते वापरतात, पण ते जवसापेक्षा सावकाश वाळतं. घरात करडई आहे म्हणून ती लावण्यापेक्षा जवसच बरं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल म्हणजे जवसाचंच, पण उकळून, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेलं. त्याचा थर जाड आणि चकचकीत बसतो, शाफ्टला तो नको. कच्चं तेल घ्या.

शाफ्ट आधी पूर्ण स्वच्छ आणि कोरडा हवा, नाही तर मळ तेलाखाली कायमचा बंद होतो. फडक्यावर पाच-सहा थेंब, लांबीच्या दिशेने पातळ हात, फेरूल सोडून. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने जे काही वर राहिलं ते सगळं पुसून काढायचं. क्यू दोन-तीन दिवस सावलीत राहू द्यायचा, मग चामड्याने गरम होईपर्यंत घासायचा. आपल्याकडे याला योग्य वेळ फेब्रुवारी-मार्च, उन्हाळा कडक व्हायच्या आत. शक्य असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी आणखी एकदा. पूलच्या मेपल शाफ्टवर कारखान्याचा लॅकर असेल तर तेल आत जातच नाही, वर चिकट थर होतो. तिथे थोडं मेण पुरतं.

तेलाच्या फडक्याबद्दल मात्र पूर्ण गांभीर्याने सांगतो. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, हा धोका आणखी वाढतो. काम झालं की फडकं बाहेर मोकळ्या हवेत सपाट पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्यात भिजवूनच टाका.

ठेवायचा कुठे

भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला क्यू स्वतःच्या वजनाने आणि बदलत्या ओलाव्याने वाकतो. वलयांच्या दिशेने लाकूड जेवढं फुगतं, त्याच्या जवळपास निम्मंच ते आरपार, म्हणजे गाभ्याकडून सालीच्या दिशेने, फुगतं, म्हणून एका बाजूला ताण राहिला की ते सरळ परत येत नाही. आडवा, सपाट, केसमध्ये ठेवा, किंवा अगदी उभा टांगा.

आपल्याकडचा खरा शत्रू कूलर आहे. छत्रपती संभाजीनगरपासून लातूरपर्यंत उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालतो, आणि तो खोलीत ओली हवा सोडतो. कूलरच्या झोतात लावलेल्या रॅकवर क्यू रात्रभर ओलावा पितो, आणि दुपारी तोच क्यू घेऊन आपण ४२ अंशांच्या कोरड्या उन्हात मोटारसायकलवर निघतो. वर्षाचा फेरा तो एका दिवसात करतो. फेरूल याच दिवसांत सुटतात. रॅक झोताच्या बाहेर हलवा आणि ने-आण बंद केसमध्येच करा. कारच्या डिकीत उन्हात क्यू सोडून जाऊ नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

क्यू आपटून शाफ्टला लहान खड्डा पडला असेल तर तिथलं लाकूड गेलेलं नसतं, दाबलेलं असतं. त्यावर नेमका एक थेंब पाणी ठेवून थोड्या वेळाने टिपून घ्या. दाबलेले तंतू फुगून बरेचसे वर येतात. पूर्ण वाळल्यावर चामड्याने घासा. फेरूलजवळच्या खड्ड्याला हा उपाय करू नका.

गेल्या काही वर्षांत कार्बन फायबरचे शाफ्ट आलेत. त्यांना हवेचा हा त्रास नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसलं की काम झालं. त्यांना तेल लावायचं नाही आणि पेपर तर मुळीच नाही, कारण त्या फायबरची भुकटी श्वासात जाणं वाईट.

फेरूल पुन्हा बसवणं, तडा गेलेला बदलणं, वाकलेला क्यू बघणं ही कामं क्लबच्या जाणत्या मार्करकडे, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्याकडे, किंवा क्यू दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्या. देताना दोन गोष्टी आधीच स्पष्ट बोला: फेरूल लाकडाशी जुळवताना शाफ्टचं लाकूड घासू नका, फेरूलच लाकडाच्या मापाला आणा. आणि शक्यतो हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करून घ्या, तेव्हा लाकूड ना फुगलेलं असतं ना आकसलेलं.